टॉवरमध्ये कोण बसतं?

२८ जानेवारी २०२६ ची सकाळ. मुंबईहून निघालेलं लिअरजेट ४५ बारामतीच्या धावपट्टीकडे आलं. हवा धूसर होती. वैमानिकांना पट्टी दिसेना. त्यांनी विमान पुन्हा वर घेतलं, फेरी मारली आणि दुसऱ्यांदा आले. पट्टी दिसतेय का, अशी खालून विचारणा झाली. आधी 'नाही' आलं, काही सेकंदांनी 'दिसली' असं उत्तर आलं. ८ वाजून ४३ मिनिटांनी उतरायची परवानगी दिली गेली. तिची पोच वैमानिकांकडून आलीच नाही. ८ वाजून ४४ मिनिटांनी पट्टीच्या टोकाशी आगीचे लोळ उठले.

उपमुख्यमंत्री अजित पवार गेले. त्यांच्याबरोबर दोन वैमानिक, एक हवाई सेविका आणि एक सुरक्षारक्षकही गेला. पाच घरांवर एकाच मिनिटात आभाळ कोसळलं.

हा घटनाक्रम नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने स्वतःच जाहीर केला. त्याच निवेदनात आणखी एक माहिती होती आणि ती महाराष्ट्राने पुरेशा गांभीर्याने वाचली नाही. बारामतीचा विमानतळ 'अनियंत्रित' गटात मोडतो. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना माहिती देण्याचं काम विमान चालवायला शिकवणाऱ्या संस्थांचे प्रशिक्षक आणि वैमानिक करत होते. म्हणजे राज्याचा उपमुख्यमंत्री ज्या पट्टीवर उतरत होता, तिथल्या टॉवरमध्ये पूर्णवेळ नेमलेला, परवानाधारक, सरकारी हवाई वाहतूक नियंत्रक नव्हता.

अपघात का झाला, चूक कुणाची, यंत्रात काय बिघडलं, हे तपास यंत्रणा सांगेल. त्यावर चावडीवरच्या गप्पा मारणं म्हणजे गेलेल्यांचा अपमान आहे. पण टॉवरमध्ये कोण बसतं, हे सांगायला कुठला ब्लॅक बॉक्स उघडावा लागत नाही. ते बारामतीत सगळ्यांना वर्षानुवर्षं ठाऊक होतं. विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएला ठाऊक होतं, राज्य सरकारला ठाऊक होतं. आजची तक्रार एवढ्याचसाठी आहे.

आमच्या डोक्यावरचं आकाश

आता आमच्या पनवेलकडे बघा. पनवेलकर हल्ली विमानांचा आवाज ऐकून मान वर करत नाहीत, इतकी सवय झाली. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानं सुरू झाली. १,१६० हेक्टर जागा, ३,७०० मीटर लांबीची धावपट्टी. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचं पात्र वळवलं, दहा गावं उठवली. इथे नियंत्रक आहेत, हवामानाची नोंद ठेवणारे आहेत, आगीचे बंब तयार असतात. धुकं असलं तरी विमानाला पट्टीच्या मध्यरेषेवर आणून सोडणारी आयएलएस यंत्रणा आहे. हे सगळं हवंच. त्यासाठी पनवेल-उरणच्या शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या आहेत.

या यंत्रणा कशासाठी लागतात, हे पनवेलला कुणी शिकवायची गरज नाही. ४ ऑगस्ट १९७९ ला इंडियन एअरलाइन्सचं पुण्याहून मुंबईला निघालेलं अ‍ॅव्हरो विमान ऐन पावसाळ्यात पनवेलजवळच्या किरोळीच्या डोंगरावर आदळलं. विमानातले सगळेच्या सगळे, ४५ जण मरण पावले. डोंगर नकाशावर होता. पण ढगाआड गेलेला डोंगर माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. डोळ्यांवर विसंबून खाली येणं किती महाग पडतं, हा धडा आमच्या डोंगराने १९७९ मध्येच दिला आहे.

पनवेलहून गाडीने चार-पाच तासांत बारामती येते. राज्य तेच, डीजीसीए तीच, नियमांचं पुस्तकही तेच. पण एका टोकाला सगळं आणि दुसऱ्या टोकाला, त्या अपघातापर्यंत तरी, डांबराची पट्टी, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी आणि रेडिओवर बोलणारा फ्लाइंग स्कूलचा माणूस. हवा स्वच्छ असेल तोवर एवढ्यावर भागतं. हवा बिघडली की भागत नाही.

डोळे पुरत नाहीत तेव्हा

विमान उतरवणं हा उड्डाणातला सगळ्यात नाजूक भाग. उंची कमी, वेग कमी, चूक सुधारायला वेळही कमी. शिकाऊ मुलांचं सेसना १५२ घ्या. दोन माणसांचं, एका इंजिनाचं, पूर्ण भरलेलं असताना जेमतेम साडेसातशे किलोंचं विमान. ते पट्टीवर येतं तेव्हा त्याचा वेग ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटर असतो. कळंबोलीहून द्रुतगती मार्गाला लागलेली मोटार साधारण त्याच वेगात असते. फरक इतकाच की मोटारीचा वेग कमी झाला तर ती थांबते. विमानाचा वेग एका मर्यादेखाली गेला तर पंखांची उचल संपते आणि ते पडतं. त्यातून वळताना हे घडलं आणि जमीन शे-दोनशे फुटांवर असली, तर सावरायला जागाच उरत नाही.

म्हणून उतरणाऱ्या वैमानिकाला तीन गोष्टी खात्रीने कळाव्या लागतात. वारा कुठून आणि किती आहे. किती अंतरावरचं दिसतंय. पट्टी मोकळी आहे का. मोठ्या विमानतळावर या तिन्हींची उत्तरं यंत्र आणि प्रशिक्षित माणूस मिळून देतात. पट्टीच्या कडेला चार दिवे असतात. दोन लाल, दोन पांढरे दिसले तर उतार बरोबर. चारही लाल दिसले तर तू फार खाली आला आहेस, वर जा. एवढी साधी गोष्ट जीव वाचवते. लहान पट्टीवर यातलं काय आहे आणि काय नाही, हे एकेका पट्टीचं नशीब.

डोळ्यांनी बघून उडायचं तर आपल्याकडच्या नियमाप्रमाणे पाच किलोमीटरपर्यंतचं दिसायला हवं. २८ जानेवारीला बारामतीहून वैमानिकांना सांगितलेली दृश्यमानता होती सुमारे तीन किलोमीटर. मंत्रालयाच्याच निवेदनातला हा आकडा. तीन आणि पाच यातलं अंतर कळायला वैमानिक असावं लागत नाही. दृश्यमानता पाचच्या खाली गेली की 'आज पट्टी बंद' असं म्हणण्याचा अधिकार त्या सकाळी बारामतीत कुणाकडे होता? हा प्रश्न मी विचारतोय आणि त्याचं उत्तर नाव आणि पदासकट यायला हवं.

अपघातानंतर काय झालं ते बघा. स्थानिक प्रशासनाच्या विनंतीवरून हवाई दलाचं पथक बारामतीत आलं आणि त्याने हवाई नियंत्रण आणि हवामान सेवा सुरू करून दिल्या. हवाई दलाला सलाम. पण जी सोय मनात आणलं तर तातडीने उभी राहते, ती इतकी वर्षं का उभी राहिली नाही? पैसा नव्हता असं म्हणू नका. माणसं नव्हती असंही म्हणू नका. इच्छा नव्हती.

पोरं आधीच पडत होती

बारामतीच्या आकाशाने धोक्याची घंटा पहिल्यांदा २०२६ मध्ये वाजवली असं नाही. २५ जुलै २०२२ ला बारामतीहून एकटीने क्रॉस कंट्री उड्डाणाला निघालेल्या बावीस वर्षांच्या शिकाऊ वैमानिक मुलीचं सेसना इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत कोसळलं. चिंकारांच्या माळरानासाठी ओळखलं जाणारं हे गाव. विमान शेतात उलटंपालटं होऊन पडलं आणि पोरगी किरकोळ जखमांवर वाचली. धावत आले ते गावकरी.

१९ ऑक्टोबर २०२३ ला कटफळजवळ रेडबर्ड या प्रशिक्षण संस्थेचं विमान कोसळलं. तीनच दिवसांनी, २२ ऑक्टोबरला, गोजुबावीजवळ त्याच संस्थेचं दुसरं विमान कोसळलं. दोन्ही वेळा जीव वाचले. डीजीसीएने त्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं, काही काळाने ते पुन्हा सुरू झालं. ९ ऑगस्ट २०२५ ला बारामतीतच आणखी एका प्रशिक्षण विमानाचं आपत्कालीन लँडिंग झालं आणि पुढचं चाक निखळलं. वैमानिक सुखरूप राहिला.

या प्रत्येक वेळी बातमी आली, फोटो आले, 'सुदैवाने जीवितहानी नाही' असं छापून आलं आणि पान उलटलं. सुदैवावर विमान वाहतूक चालत नाही. चार वेळा सुदैव साथीला आलं, याचा सरळ अर्थ चार वेळा व्यवस्था तोकडी पडली. जीव गेला नाही म्हणून अपघात छोटा ठरवणारी यंत्रणा मोठ्या अपघाताची वाट बघत बसलेली असते.

सगळ्यांच्याच नशिबी सुदैव नसतं. १६ जुलै २०२१ ला शिरपूरच्या अकादमीचं प्रशिक्षण विमान जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यातल्या वर्डी गावाजवळ सातपुड्याच्या जंगलात कोसळलं. प्रशिक्षक जागीच गेले, शिकाऊ मुलगी गंभीर जखमी झाली. तिथवर गाडी जाईल असा रस्ता नव्हता. पावसाने सगळा चिखल. जंगलातल्या आदिवासींनी तिला बाहेर काढलं. एका बाईने अंगावरची साडी सोडून दिली, बांबूला तिची झोळी बांधली आणि त्या झोळीतून जखमी पोरीला माणसांच्या खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणलं. तिचा जीव वाचला तो त्या साडीमुळे आणि त्या खांद्यांमुळे. १८ मार्च २०२३ ला गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून उडालेलं प्रशिक्षण विमान सीमेपलीकडे बालाघाटच्या डोंगरात पडलं. प्रशिक्षक आणि शिकाऊ वैमानिक मुलगी, दोघांनीही जीव गमावला.

या यादीत एक गोष्ट ठळक दिसते. जिथे रस्ता नव्हता तिथेही मदतीला पहिला पोहोचला तो शेतकरी किंवा आदिवासी. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पेट्रोल गळतंय तर जवळ विडी पेटवायची नाही, पट्टा कुठून सोडायचा, मणक्याला इजा झालेल्या माणसाला कसं उचलायचं, हे सांगायला कुठलीही फ्लाइंग अकादमी आपल्या मार्गावरच्या गावात गेल्याचं ऐकिवात नाही. लाखो रुपये फी घेणाऱ्या संस्थांना वर्षातून एकदा दहा गावांत जाऊन दोन तास बोलणं परवडत नाही का?

दोनशे तासांचा हिशेब

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी दोनशे तासांचं उड्डाण लागतं, त्यातले शंभर तास स्वतःच्या जबाबदारीवर. घरचे जमीन विकतात, कर्ज काढतात, चाळीस-पन्नास लाख जमवतात. पनवेल, कामोठे, खांदा कॉलनीतूनही मुलं या शाळांत जातात, आणि विमानतळ घराजवळ आल्यापासून आणखी जाऊ लागतील. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. ही विमानं चालवायला हजारो वैमानिक लागणार. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ पासून प्रवासी सेवा सुरू झाली आणि तिथेच एअर इंडियाची मोठी प्रशिक्षण संस्था उभी राहते आहे. मागणी आहे, पैसा आहे, पोरांचं स्वप्न आहे.

पण दर्जा? डीजीसीएने २०२५ मध्ये देशातल्या विमान प्रशिक्षण संस्थांची पहिल्यांदाच प्रतवारी जाहीर केली. एकाही संस्थेला 'अ' दर्जा मिळाला नाही. सगळ्या 'ब' आणि 'क' मध्ये. शाळेचा निकाल असा लागला असता तर पालकांनी मुख्याध्यापकाला घेराव घातला असता. इथे पोरांचा जीव पणाला लागलेला असताना हाक ना बोंब.

त्यात आणखी एक भर. अनियंत्रित पट्टीवर रेडिओवर माहिती देण्याचं काम या संस्थांच्याच माणसांकडे. ज्या प्रशिक्षकाने विद्यार्थ्यावर लक्ष ठेवायचं, त्यानेच टॉवरमध्ये बसून दुसऱ्या विमानांना वाट सांगायची. हा माणूस कामचुकार आहे असं मी अजिबात म्हणत नाही. उलट जे काम त्याचं नव्हतं, ते तो वर्षानुवर्षं निभावत आला आहे. त्याच्या गळ्यात हे लोढणं बांधलं कुणी, हा सवाल आहे.

मालक कोण?

इथे कागद उघडू. २००९ मध्ये राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाने, म्हणजे एमआयडीसीने, बारामती, लातूर, नांदेड, धाराशिव आणि यवतमाळ हे पाच विमानतळ रिलायन्स एअरपोर्ट डेव्हलपर्स या कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. पाच जिल्ह्यांना तेव्हा नियमित विमानसेवेची स्वप्नं दाखवली गेली. कंपनीने विकास केला नाही म्हणून विमानतळ परत घेऊ, अशा घोषणा त्यानंतर आलेल्या जवळजवळ प्रत्येक सरकारने केल्या. विधानसभेत प्रश्न विचारले गेले, उत्तरं दिली गेली.

जमीन एमआयडीसीची, देखरेख डीजीसीएची, उड्डाणं फ्लाइंग स्कूलची, हवामान खातं वेगळं, अग्निशमन नगरपालिकेचं. एवढे सगळे मालक असले की वाली कुणीच उरत नाही. बारा गावचे बारा मुखत्यार आणि विहिरीत पडलेल्याला काढायला दोर कुणाकडेच नाही, अशी ही गत. ज्या पट्टीवर विमान उतरतं, तिथल्या सुरक्षिततेला जबाबदार असा एक माणूस, एक नाव, एक फोन नंबर फाटकावर लिहिलेला असलाच पाहिजे. तो नसेल तर त्या पट्टीवर विमान उतरता कामा नये. यात मधला मार्ग नाही.

सभा थांबू शकते

आता नेत्यांबद्दल. छोट्या पट्ट्यांवर छोटी जेट आणि हेलिकॉप्टर सगळ्यात जास्त उतरवतात ते राजकारणी. निवडणुका आल्या की दिवसाला चार सभा, चार जिल्हे. सभा सकाळी दहाला, लोक उन्हात बसलेले, फोनवर फोन. या घाईने देशाने किती माणसं गमावली! ३० सप्टेंबर २००१ ला माधवराव शिंदे कानपूरच्या सभेला निघाले आणि मैनपुरीजवळ त्यांचं विमान पडलं. २ सप्टेंबर २००९ ला आंध्रचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचं हेलिकॉप्टर नल्लमलाच्या जंगलात खराब हवेत कोसळलं. २५ मे २०१७ ला निलंग्यात देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उड्डाण घेताच खाली आलं आणि ते थोडक्यात बचावले.

परदेशात याहून भीषण उदाहरण आहे. १० एप्रिल २०१० ला पोलंडचे राष्ट्राध्यक्ष लेख काचिन्स्की रशियातल्या स्मोलेन्स्कला एका स्मृतिसमारंभाला निघाले होते. दाट धुकं. विमानतळावर आयएलएस नव्हतं. विमान झाडांना धडकलं. राष्ट्राध्यक्ष, त्यांच्या पत्नी, लष्करप्रमुख, मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर असे ९६ जण एका क्षणात गेले. एका देशाच्या नेतृत्वाची मोठी फळी धुक्यात हरवली.

बारामतीच्या विमानात वैमानिकांवर दबाव होता असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही आणि मी तसं म्हणणारही नाही. पण प्रत्येक पक्षाने, प्रत्येक नेत्याने आजच जाहीर करावं: वैमानिक 'नाही' म्हणाला तर तो शेवटचा शब्द. सभा रद्द झाली तर कार्यकर्ता नाराज होईल, मत कमी पडेल, पण कुणाचं लेकरू पोरकं होणार नाही. पंचवीस-तीस वर्षांच्या सहवैमानिकाला मागच्या सीटवर बसलेल्या मंत्र्यासमोर 'मी उतरवणार नाही' म्हणायचं बळ हवं असेल, तर ते बळ मंत्र्यानेच आधी द्यायला हवं. लेखी द्यायला हवं.

कंपन्यांचंही बघा. बारामतीत कोसळलेलं लिअरजेट व्हीएसआर व्हेंचर्सचं. याच कंपनीचं याच जातीचं विमान १४ सप्टेंबर २०२३ ला मुंबईत मुसळधार पावसात उतरताना पट्टीवरून घसरून मोडलं होतं. आठही जण वाचले. त्या अपघातातून कंपनी काय शिकली, डीजीसीएने काय तपासलं आणि काय बदलायला लावलं, हे जनतेला कळायला हवं होतं. ज्या विमानांत आमचे लोकप्रतिनिधी बसतात, त्यांचा खर्च शेवटी कुठून तरी आमच्याच खिशातून निघतो.

तपास आणि शिक्षा

विमान अपघातांचा तपास एएआयबी करते. आंतरराष्ट्रीय शिरस्त्याप्रमाणे प्राथमिक अहवाल महिन्याभरात आणि अंतिम अहवाल शक्यतो वर्षभरात यावा. या तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा असतो, दोषी ठरवणं हा नसतो. ते योग्यच आहे. शिक्षेच्या भीतीने माणसं खरं बोलत नाहीत आणि खरं कळलं नाही तर पुढचं विमान वाचत नाही.

पण याचा फायदा प्रशासन उचलतं. 'तपास सुरू आहे' या तीन शब्दांच्या आडोशाला सगळे उभे राहतात. विमान का पडलं याचा तपास एएआयबीने करावा. पट्टीवर नियंत्रक का नव्हता, हवामान नोंदवणारा का नव्हता, या सगळ्या मालकांपैकी कुणी काय केलं नाही, याची चौकशी राज्य सरकार आजही करू शकतं. त्यासाठी एएआयबीची वाट बघायची गरज नाही. आणि अहवाल आला की तो मराठीतही काढा. कडबनवाडीच्या ज्या शेतकऱ्याच्या रानात विमान पडलं, त्याला ते का पडलं हे त्याच्या भाषेत कळण्याचा हक्क आहे.

मागणं साधं आहे

राज्यातल्या प्रत्येक पट्टीची यादी करा. बारामती, लातूर, धाराशिव, यवतमाळ, कराड, धुळे, शिरपूर, सगळ्या. प्रत्येकीपुढे लिहा: नियंत्रक आहे का, हवामान मोजणारं स्वयंचलित यंत्र आहे का, उतार दाखवणारे दिवे आहेत का, बंब किती मिनिटांत येतो, कुंपण शाबूत आहे का. ही यादी संकेतस्थळावर टाका आणि दर महिन्याला ताजी करा.

जिथे नियंत्रक नाही, तिथे जेट विमानांना बंदी घाला, मग आत कुणीही बसलेलं असो. शिकाऊ उड्डाणं चालू ठेवायची असतील तर दृश्यमानता ठरलेल्या आकड्याखाली गेल्याबरोबर पट्टी बंद करण्याचा अधिकार एका नेमलेल्या माणसाला द्या, आणि तो माणूस फ्लाइंग स्कूलचा पगारी नको. शाळांच्या मार्गावरच्या गावांत तलाठी, पोलीस पाटील, आशाताई यांना मदतीचं प्रशिक्षण द्या. 'क' दर्जाच्या संस्थांना मुदत द्या आणि मुदतीत सुधारल्या नाहीत तर कुलूप लावा.

यातलं काहीही परग्रहावरून आणायचं नाही. नव्या विमानतळांवर रिबिनी कापायला जेवढी गर्दी जमते, त्यातल्या निम्म्या माणसांनी जुन्या पट्ट्यांची पाहणी केली तरी काम होईल.

वाचकहो, तुमच्या जिल्ह्यात धावपट्टी असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. तीनच प्रश्न विचारा: पट्टीवर हवाई वाहतूक नियंत्रक आहे का? हवामान कोण नोंदवतं? अपघात झाला तर जबाबदार अधिकारी कोण? उत्तर लेखी घ्या आणि ते तुमच्या आमदाराला दाखवा. महाराष्ट्रात या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.